मोटारींची शर्यत आणि चित्रपटाची नीति

मुलांना कोणता चित्रपट दाखवावा आणि कोणता दाखवूं नये, हा प्रश्न घरोघरीं पडतो, आणि त्याचें उत्तर बहुधा दुसऱ्या कोणाकडून तरी उसनें घेतलें जातें. चित्रपटाच्या आरंभीं दिसणारा दाखला हा त्यांतला सर्वांत सोपा आधार. अमेरिकेंत १९६८ सालापासून चित्रपटांना वयोमानाप्रमाणें अक्षरें लावण्यांत येतात. सर्वांनीं पाहण्याजोग्या चित्रपटाला ‘जी’ हें अक्षर मिळतें. त्याच्या पूर्वीं, १९३४ पासून, तेथें एका लेखी नियमावलीचा कडक अंमल होता आणि पडद्यावर काय दिसूं नये याची लांबलचक यादी तींत दिलेली होती. भारतांत १९५२ च्या कायद्याखालीं हें काम चालतें. मुंबईंत मुख्य कचेरी असलेलें केंद्रीय चित्रपट प्रमाणन मंडळ तें पाहतें, व २०२४ च्या नियमांनीं ‘यूए’ या वर्गाचे सात, तेरा आणि सोळा वर्षें असे तीन पोटविभाग केले आहेत. ही व्यवस्था उपयोगाची आहे यांत शंका नाहीं. परंतु दाखला देणारा मनुष्य हा वेशीवरच्या पहारेकऱ्यासारखा असतो. येणाऱ्याच्या हातांत हत्यार आहे कीं नाहीं एवढेंच तो पाहतो. आंत सोडलेला पाहुणा घरांत बसून मुलांना काय सांगणार हें त्याला ठाऊक नसतें, आणि तें विचारण्याचा त्याला अधिकारहि नसतो.

याहून खोल जाण्याचा दावा करणारे परीक्षक निराळे. चित्रपट पाहून त्यांतील दोषांचें टिपण करावें आणि तें पालकांच्या हातीं द्यावें, हें काम अमेरिकेंत धर्मसंस्थांनीं फार पूर्वीं हातीं घेतलें. कॅथलिक पंथीयांची ‘लीजन ऑफ डीसेन्सी’ ही संघटना १९३४ च्या सुमारास याच हेतूनें उभी राहिली, आणि पुढें कित्येक वर्षें तिच्या यादींत आपल्या चित्रपटाचें नांव कोठें पडतें याची धास्ती निर्मात्यांना वाटत असे. आजहि असे परीक्षक आहेत. अपशब्द किती, मारामारी किती, मद्य कोठें दिसलें, वडील माणसांना उलट उत्तर कोणी दिलें, हें सर्व ते वाण्याच्या वहीप्रमाणें नोंदवितात. त्यांचा हेतु वाईट नाहीं. ज्या बापाला चित्रपट आधीं पाहून येण्यास सवड नाहीं त्याला ही वही उपयोगी पडते. मात्र तिच्यांत खर्चाची बाजू भरलेली आणि जमेची बाजू कोरी, अशी स्थिति पुष्कळदां असते. आणि नुसत्या खर्चावरून पेढीची पत कोणी ठरवीत नाहीं. एकहि अपशब्द नसलेला चित्रपट मुलाला अप्पलपोटेपणा शिकवूं शकतो, आणि चार ठिकाणीं ओरखडे असलेला चित्रपट त्याला दिलेल्या शब्दाची किंमत शिकवूं शकतो.

हें पारखून पाहण्यासाठीं एकच उदाहरण घेऊन तें नीट तपासणें बरें. पिक्सार या संस्थेनें काढलेला व जॉन लॅसेटर यांनीं दिग्दर्शित केलेला ‘कार्स’ हा चित्रपट ९ जून २००६ रोजीं अमेरिकेंत प्रदर्शित झाला. त्याला ‘जी’ हें निर्धोक अक्षर मिळालें. मोटारींच्या शर्यतीची ही कथा आहे, आणि आईबापांनीं मुलांना मांडीवर घेऊन पाहावी अशाच उद्देशानें ती रचलेली आहे. हिच्यांत मनुष्य एकहि नाहीं. शर्यत पाहण्यास जमलेल्या गर्दीपासून शेतांत चरणाऱ्या गुरांपर्यंत सर्व यंत्रेंच आहेत. दिव्याभोंवतीं घोंघावणाऱ्या माशासुद्धां चिमुकल्या मोटारीच. बोलणारे पशु इसापनीतींतून मराठी घरांत शिरले त्याला फार दिवस झाले. या बोलणाऱ्या मोटारी त्यांचाच वंश पुढें चालवितात. कथानायक लायटनिंग मॅक्वीन ही लाल रंगाची मोटार असली तरी त्याचा उल्लेख पुल्लिंगीच करणें भाग आहे, कारण तो हसतो, बोलतो, आणि फुशारकी तर फारच मारतो.

आरंभीं हा गडी आपल्या पहिल्याच हंगामांत पिस्टन कप नांवाचा चषक जिंकण्याच्या बेतांत आहे. सोबत्यांची त्याला गरज वाटत नाहीं. शर्यतीच्या मध्यंतरीं टायर बदलून घेण्यास तो नकार देतो, कारण तेवढ्या वेळांत आघाडी वाढवितां येईल असा त्याचा हिशेब. शेवटच्या फेरींत मागचे टायर फुटतात, आणि जवळजवळ हातीं आलेली शर्यत तिघांच्या बरोबरींत सुटते. दुसरा असतो ‘किंग’ या नांवानें ओळखला जाणारा, निवृत्तीच्या उंबरठ्यावर उभा असलेला जुना विजेता. तिसरा चिक हिक्स, जो दुसऱ्यांना धक्के देऊन पुढें जाण्यांत तरबेज आहे. निकालासाठीं तिघांची पुन्हां शर्यत कॅलिफोर्नियांत ठरते. येथपर्यंत कथेंत नवें कांहीं नाहीं. गर्विष्ठ नायक, त्याचें गर्वहरण आणि शेवटीं त्याला सुचलेलें शहाणपण, हा मार्ग फार मळलेला आहे. चित्रपटाची खरी परीक्षा त्या मार्गावरच्या बारीकसारीक ठिकाणीं होते, आणि वही लिहिणाऱ्याची नजर नेमकी तेथेंच ठरत नाहीं.

असें पहिलें ठिकाण रात्रीच्या प्रवासाचें. मॅक नांवाचा मोठा ट्रक मॅक्वीनला पोटांत घेऊन कॅलिफोर्नियाकडे निघाला आहे. मॅकला झोप येत आहे. कोठें तरी थांबून विसांवा घ्यावा अशी त्याची विनवणी आहे. प्रतिस्पर्ध्याच्या आधीं पोंचून धनाढ्य पुरस्कर्त्याची मर्जी संपादन करावी या घाईनें मॅक्वीन त्याला थांबूं देत नाहीं. रात्रभर गाडी हांकावी असा आग्रह तो धरतो आणि आपणहि रात्रभर तुझ्याबरोबर जागा राहीन असें वचन देतो. पुढच्याच क्षणीं पडद्यावर मॅक्वीन गाढ झोपलेला दिसतो. प्रेक्षक हसतात. पण कथेंतील सर्व अनर्थ या एका मोडलेल्या वचनांतून निघतो. डुलकी लागलेल्या मॅकला रस्त्यावरचीं कांहीं टवाळ पोरें छळतात, मागचें दार उघडतें, आणि निजलेला नायक भर रस्त्यांत खालीं पडतो. यांत शिवी नाहीं, रक्त नाहीं, म्हणून कोणत्याहि यादींत याची नोंद होणार नाहीं. तरी दुसऱ्याच्या झोपेवर आपली घाई भागविणें हा दोष साध्या शिवीपेक्षां कितीतरी मोठा आहे, आणि ज्यांच्या घरांत रात्रपाळीचा ड्रायव्हर आहे त्यांना तो समजावून सांगण्याची गरज पडणार नाहीं.

मॅकला हुडकण्याच्या गडबडींत मॅक्वीन रेडिएटर स्प्रिंग्ज या आडगांवीं येतो आणि तेथील एकमेव रस्ता उखडून टाकतो. गांव काल्पनिक आहे, पण त्याचें दुःख खरें आहे. शिकागोपासून पश्चिम किनाऱ्याकडे जाणारा ६६ क्रमांकाचा रस्ता १९२६ सालीं ठरला व त्याच्या दोन्ही बाजूंस खाणावळी, पेट्रोलपंप आणि मुक्कामाचीं ठिकाणें यांवर पोसलेलीं गांवें उभीं राहिलीं. १९५६ च्या कायद्यानें अमेरिकेंत रुंद, सरळ आणि गांवें टाळून जाणारे महामार्ग बांधण्याचा सपाटा सुरू झाला. १९८५ सालीं ६६ क्रमांक राष्ट्रीय मार्गांच्या नोंदींतूनहि निघाला. सॅली नांवाची तेथील वकीलीण नायकाला एका कड्यावर नेऊन खालचा जुना रस्ता दाखविते. तो टेकड्यांच्या वळणांनीं गेलेला आहे. नवा महामार्ग त्याच टेकड्या कापून गेला आहे, आणि या कापण्यांत प्रवाशांचीं वांचलीं तीं दहा मिनिटें. गांव मात्र नकाशावरून पुसलें गेलें. वेगाची कथा सांगतां सांगतां वेगाची किंमत कोणी भरली हें विचारणें, याला धैर्य लागतें. मोटारींच्या शर्यतीचा चित्रपट म्हटला कीं पालकांना पहिली भीति वाटते ती मुलाच्या मनांत वेगाचें वेड शिरण्याची. या चित्रपटांत मनांत राहतात ते प्रसंग मात्र बहुतेक संथ आहेत.

गांवच्या न्यायासनावर डॉक हडसन हा वृद्ध मोटार-वैद्य बसतो. उपद्रवी पाहुण्याला गांवाबाहेर काढावें एवढीच त्याची इच्छा. पण सॅलीच्या युक्तिवादावरून त्याला शिक्षा होते ती उखडलेला रस्ता पुन्हां बांधून देण्याची. डांबराचें अवजड यंत्र मॅक्वीनच्या मागें जुंपतात. शाळेंत शिक्षा म्हणून दिलेलें काम मुलें कसें करतात हें ज्यानें पाहिलें आहे त्याला पुढचा भाग फार ओळखीचा वाटेल. नायक तासाभरांत काम उरकतो आणि रस्ता पहिल्यापेक्षां वाईट होतो. डॉक त्याला शर्यतीचें आव्हान देतो: जिंकलास तर मोकळा, हरलास तर माझ्या पद्धतीनें रस्ता बांध. मातीच्या धांवपट्टीवरच्या पहिल्याच अवघड वळणावर जगज्जेता होऊं पाहणारा हा तरुण निवडुंगांत जाऊन पडतो. मग केलेला रस्ता खरवडून काढणें आलें, नव्यानें घालणें आलें. हळूहळू त्याचा हात बसतो; आणि गुळगुळीत तुकड्यावरून गांवचे रहिवासी धांवूं लागल्यावर त्यांच्या दुकानांवर आपोआप नवा रंग चढूं लागतो. येथें कोणीहि श्रमाच्या प्रतिष्ठेवर व्याख्यान देत नाहीं. वाईट काम खरवडून काढावें लागतें हें मुलाला डोळ्यांनीं दिसतें, तेवढें पुरे आहे.

डॉकची स्वतःची कथा त्याच्या अडगळींत सांपडते. एके काळीं तो तीनदां पिस्टन कप जिंकलेला विजेता होता: १९५१, १९५२ आणि १९५३. हीं वर्षें उगीच घेतलेलीं नाहींत. अमेरिकेंतील खऱ्या शर्यतींत त्या काळीं हडसन हॉर्नेट या मोटारीचा दरारा होता. १९५१ आणि १९५३ सालीं हर्ब थॉमस व १९५२ सालीं टिम फ्लॉक या शर्यतपटूंनीं हडसनमध्यें बसूनच अजिंक्यपद मिळविलें. चित्रपटांतला डॉक १९५४ सालीं एका अपघातांत मोडतो. बरा होऊन परत येतो तों त्याची जागा एका नवख्याला मिळालेली असते, आणि त्याला कोणी दारांत उभें करीत नाहीं. म्हणून त्याचे तिन्ही चषक आज अडगळींत, हत्यारांच्या पसाऱ्यांत धूळ खात आहेत. मॅक्वीन डोळे विस्फारून चषकांकडे पाहतो. डॉकच्या लेखीं तीं रिकामीं भांडीं आहेत. या भूमिकेला आवाज देणारे पॉल न्यूमन हे स्वतः शर्यतींत उतरणारे नट होते. १९७९ सालीं ल माँ येथील चोवीस तासांच्या शर्यतींत त्यांचा संघ दुसरा आला होता, आणि १९८२ पासून आपल्या नांवानें चाललेल्या खाद्यपदार्थांच्या धंद्याचा सर्व नफा ते दानधर्माकडे वळवीत आले. २००८ सालीं ते वारले. त्यांच्या तोंडीं रिकाम्या चषकाचें बोलणें शोभलें, हें सांगण्यापुरताच हा विषयांतराचा मोह.

आतां शेवटच्या शर्यतीकडे वळावें. मॅक्वीन आघाडीवर आहे. ज्यांना त्यानें आधीं तुच्छ लेखलें त्या आडगांवच्या मंडळींनींच आज त्याचे टायर बदलले आहेत, आणि मातीच्या वळणावर डॉकनें शिकविलेली युक्ति त्याला उपयोगी पडली आहे. विजयरेषा कांहीं हातांवर. मागें चिक हिक्स, किंगच्या मागें राहण्याचा कंटाळा येऊन, त्याला धक्का देतो. किंग उलटापालटा होत मैदानाबाहेर जाऊन मोडून पडतो. मॅक्वीनला मोठ्या पडद्यावर तें दृश्य दिसतें, आणि डॉकच्या अपघाताचें जुनें छायाचित्र त्याच्या मनांत उभें राहतें. तो ब्रेक लावतो. रेषेच्या ऐन अलीकडे, चाकें करकरत, तो थांबतो. चिक बाजूनें पुढें जातो व जिंकतो. मॅक्वीन मागें फिरतो, आणि आपल्या शेवटच्या शर्यतींत एवढ्यावर अडलेल्या किंगला हळूहळू ढकलीत रेषेपार नेतो. स्वतः त्याच्या मागून येतो, म्हणजे तिघांत शेवटचा.

या दृश्याचें नैतिक बळ कोठें आहे हें नीट पाहावें. मुलें दोन तास नायकाच्या विजयाची वाट पाहत बसलेलीं असतात. विजय हातांत असतांना तो हातांतून सुटतो, आणि तरी मुलांना हळहळ वाटत नाहीं. मिनिटभरांत त्यांची इच्छाच पालटलेली असते. पहिला कोण आला यापेक्षां तो म्हातारा पोंचला कीं नाहीं इकडे त्यांचे डोळे लागतात. इच्छा पालटण्याचें हें काम उपदेशानें साधणें अत्यंत कठीण. किंगचा आवाज रिचर्ड पेटी यांचा आहे. खऱ्या जगांत दोनशें शर्यती व सात अजिंक्यपदें जिंकलेले हे गृहस्थ. नोव्हेंबर १९९२ मध्यें अटलांटा येथें त्यांची अखेरची शर्यत झाली. तींत त्यांची मोटार अपघातांत सांपडून पेटली, आणि तरीहि सोबत्यांनीं ती कशीबशी उभी केल्यावर शेवटच्या फेऱ्यांसाठीं ते पुन्हां धांवपट्टीवर उतरले. जिंकण्याचा प्रश्नच नव्हता. शर्यत पुरी करावयाची होती. चित्रपटांतील किंगला ती पुरी करून देणारा प्रतिस्पर्धी भेटतो, एवढाच फरक.

कोणी म्हणेल, चांगुलपणाचें बक्षीस नायकाला लगेच मिळतें, मग त्यागाचा अर्थ काय राहिला? लोक त्याचा जयजयकार करतात, आणि ज्याच्या मर्जीसाठीं त्यानें मॅकला रात्रभर जागविलें तो डायनोको कंपनीचा मालक स्वतः येऊन त्याला आपल्या पदरीं घेऊं पाहतो. आक्षेप विचार करण्याजोगा आहे. पण महाभारताच्या शेवटची युधिष्ठिराची कथा येथें आठवावी. बरोबर आलेल्या कुत्र्याला टाकून स्वर्गांत पाऊल ठेवण्यास तो नकार देतो. मग तो कुत्रा म्हणजे साक्षात् धर्म होता असें कळतें आणि स्वर्गाचें दार उघडतें. बक्षीस तेथेंहि मिळालें. म्हणून युधिष्ठिराचा नकार खोटा ठरत नाहीं, कारण नकार देतांना त्याला तें ठाऊक नव्हतें. मॅक्वीनलाहि ठाऊक नव्हतें. शिवाय तो डायनोकोला नाहीं म्हणतो. आरंभीं त्याला पुढें आणणारी कंपनी म्हणजे गंजलेल्या गाड्यांचें मलम विकणारे दोघे साधे भाऊ. त्यांच्या जाहिरातींत दिसण्याची त्याला लाज वाटत असे. आतां तो त्यांच्याकडेच राहतो. डायनोकोच्या मालकाजवळ तो एकच मागणें मागतो, आणि तें स्वतःसाठीं नसतें.

तें मागणें दुसऱ्या वचनाचें. आडगांवांत मेटर नांवाची एक गंजकी, बंद पडलेल्या गाड्या ओढून नेणारी गाडी आहे. स्वभावानें भोळी, मित्र म्हणून जिवाला जीव देणारी. मॅक्वीननें गप्पांच्या ओघांत मेटरला हेलिकॉप्टरमधून फिरवून आणण्याचें कबूल केलेलें असतें. वचन म्हणतोस ना, असें मेटर विचारतो, आणि मॅक्वीन होय म्हणतो. प्रेक्षकांना वाटतें, मॅकला दिलेल्या शब्दाचें जें झालें तेंच याचें होणार. शेवटीं मेटर डायनोकोच्या हेलिकॉप्टरमधून आकाशांत तरंगतांना दिसतो. चित्रपटाची नीति एका वाक्यांत सांगा असा कोणी आग्रह धरला तर या दोन वचनांकडे बोट दाखवावें. चषकापेक्षांहि तीं महत्त्वाचीं आहेत.

दोष नाहींत असें नाहीं. आरंभीं मॅक्वीनच्या दोन चाहत्या त्याला पाहून डोळ्यांसारखे दिवे लकाकवितात, तो विनोद थोरांसाठीं आहे. लहानांना तो कळत नाहीं, आणि तोंवर चिंता नाहीं. ट्रॅक्टरांचा प्रसंग अधिक खटकतो. रात्रीं शेतांत निजलेल्या ट्रॅक्टरांजवळ जाऊन भोंगा वाजवावयाचा आणि ते दचकून उलटे पडले कीं हसावयाचें, असा खेळ मेटर नायकाला शिकवितो. चित्रपटाच्या जगांत ते ट्रॅक्टर म्हणजे गुरें आहेत. मुक्या जनावरांना छळण्याची ही गंमत कथाकारानें विनाशर्त गंमत म्हणूनच ठेवली आहे; पुढें एक मोठें कापणीयंत्र दोघांच्या मागें लागतें खरें, पण तें भीति दाखविण्यापुरतें. खेड्यांत वाढलेलें मूल बैलाच्या शेपटीला हात लावण्यापूर्वीं विचार करतें. शहरांतल्या मुलाला हा प्रसंग पाहतांना कोणी तरी एक शब्द सांगावा लागेल.

त्याहून सूक्ष्म दोष गांवाच्या उद्धारांत आहे. रेडिएटर स्प्रिंग्ज पुन्हां नकाशावर येतें तें मॅक्वीन तेथें आपलें ठाणें करतो म्हणून. तारा गांवांत उतरला, पाहुणे आले, दुकानें चाललीं. मग जीं शेंकडों खरीं गांवें महामार्गानें वाळलीं आणि जेथें कोणी तारा चुकला नाहीं, त्यांचें काय? त्यांची किंमत कोणी नामांकित मनुष्य वाट चुकून येईपर्यंत शून्यच, असा अर्थ चित्रपट नकळत सुचवितो. कथेच्या पहिल्या भागांत उघडलेला प्रश्न शेवटच्या भागांत सोयीनें मिटविला आहे.

आणि खेळणीं! चषक म्हणजे रिकामें भांडें असें सांगणाऱ्या या चित्रपटाच्या नांवाच्या खेळण्यांची व इतर वस्तूंची विक्री अब्जावधी डॉलरांच्या घरांत गेली. दप्तर, पाण्याची बाटली, पलंगावरची चादर, सर्वांवर लाल मॅक्वीन. कलाकृतीची नीति आणि ती विकणाऱ्यांचा व्यापार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हें खरें. पण सहा वर्षांच्या मुलाला त्या वेगळ्या दिसत नाहींत. चित्रपट पाहून आलेला मुलगा जर दुकानाच्या दारांत हट्ट धरून बसला, तर दिग्दर्शकानें दोन तासांत कमावलेलें पुण्य तेथें दहा मिनिटांत खर्चीं पडतें.

दाखल्याच्या अक्षरावर किती विसंबावें याचें उत्तर याच संस्थेनें पुढें अनायासें दिलें. २०११ सालीं ‘कार्स’ चा दुसरा भाग निघाला. नांव तेंच, नायक तोच, अक्षरहि तेंच ‘जी’. पण हा भाग हेरांचा आहे. त्यांत बंदुका आहेत, स्फोट आहेत, पकडलेल्या हेराची दाबून केलेली चौकोनी गठडी आहे, आणि शत्रूच्या हातीं सांपडलेल्या एका अमेरिकन हेराचा छळ करून त्याला ठार केलें आहे. मोटार मेली म्हणून रक्त सांडलें नाहीं, एवढ्यावरच तें अक्षर मिळालें असावें. पहिल्या भागांत उलटलेल्या किंगसाठीं सर्व थांबतें. दुसऱ्यांत कोणी मेलें तरी कथा थांबत नाहीं, पुढच्या पाठलागाला लागते. मुलाच्या मनावर होणाऱ्या परिणामांतला हा फरक कोणतेंहि अक्षर दाखवीत नाहीं.

तिसरा भाग २०१७ सालीं आला. त्यांत मॅक्वीन वयस्क झाला आहे, डॉक मरण पावला आहे, आणि नव्या यंत्रांपुढें जुनें इंजिन टिकत नाहीं. क्रूझ रामिरेझ या आपल्याच शिकवणाऱ्या तरुणीला तो शेवटच्या शर्यतींत अर्ध्यावर आपली जागा देतो, आणि ती जिंकते. शर्यत त्यानें सुरू केली म्हणून विजय दोघांच्या नांवें लागतो. येथें कथाकारानें थोडी कंजुषी करून तो तिच्याच नांवें लावला असता तर अधिक शोभलें असतें. पहिल्या भागांत त्याला असा आधार दिलेला नव्हता.

पहिल्या भागाची ही कडक शिस्त पुढेंहि मोडलेली नाहीं, हें त्या तिसऱ्या भागांतच दिसतें. त्यांत चिक हिक्स दूरचित्रवाणीवर कार्यक्रम करतांना भेटतो. धक्का देऊन मिळविलेला तो चषक त्याच्याकडून कोणी परत घेतलेला नाहीं. पंचांनीं चौकशी केल्याचें वा निकाल फिरविल्याचें कोठें सांगितलेलें नाहीं. अकरा वर्षांनंतरहि तो प्रत्येक वेळीं आपली ओळख पिस्टन कपचा विजेता म्हणूनच करून देतो, आणि नोंदवहीप्रमाणें तें खरें आहे.